कोरडं फडकं

आतल्या खोलीत वीस हजार तोंडं होती आणि बाहेरच्या खोलीत चार. आतली वीस हजार मला परवडायची. ती खायची, हगायची आणि गप्प राहायची. बाहेरची चार पहिली दोन कामं करायची. तिसरं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आतल्या होत्या रेशमाच्या अळ्या. बांबूच्या तट्ट्यांवर, एकावर एक पाच थरांत, पांढऱ्या, गार, बोटाएवढ्या. बाहेरची माझी पोरं. थोरली आठ वर्षांची, तिला मोठीच म्हणायचो. तिच्या पाठचा शेंबड्या, पाच वर्षांचा; त्याला नाव होतं, पण नाकानं नावाला केव्हाच मागं टाकलं होतं. मग तीन वर्षांची चिमणी. शेवटचा गोळा, दहा महिन्यांचा. तो रांगायचा आणि वाटेत येईल ते तोंडात घालून बघायचा.

पाऊस नऊ दिवस लागून राहिला होता. घरात वाळलेलं असं काही उरलं नव्हतं. भिंतीला हात लावला तरी हात ओला. अंथरुणाला मुताचा वास, मुताला दुधाचा वास, दुधाला ओल्या लाकडाचा. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला कळायचं की आज कुणी कुठे काय केलंय. पुढेपुढे तेही कळेनासं झालं. नाक मेलं. सहा-सात दिवस एकाच वासात राहिलं की नाक हात टेकतं.

घर म्हणजे दोन खोल्या, एका कोपऱ्यात चूल, मागे पडवी. त्यातली आतली खोली चांगली. तिला फरशी होती, दोन खिडक्या, खिडक्यांना जाळी, आणि ती गळत नव्हती. ती अळ्यांना दिलेली. बाहेरची खोली तीन ठिकाणी गळायची, त्यात आम्ही सात माणसं. लग्न करून आले तेव्हा आतल्या खोलीला आतून कडी होती. अळ्या आल्या आणि नवऱ्यानं ती कडी काढून बाहेरून लावली, पोरांनी आत जाऊ नये म्हणून.

"ही खेप नीट निघाली ना," त्यानं सांगितलं होतं, "की मागे पत्र्याची शेड टाकतो. अळ्या तिकडं. ही खोली तुझी."

मी कुठे पेटी ठेवायची, कुठे पाळणा टांगायचा ते ठरवूनही टाकलं होतं. पण खरं सांगायचं तर मला खोली नको होती, कडी हवी होती. आतून लावायची. दिवसातून एकदा, घटकाभर, कुणी माझ्या अंगावर चढलेलं नाही, कुणी माझ्या पदराला नाक पुसलेलं नाही, अशी.

अळ्यांची कात टाकायची शेवटची झोप होऊन दोन दिवस झाले होते. त्या झोपेतून उठल्या की आठ दिवस नुसत्या खातात, मग कोष विणायला लागतात. हेच आठ दिवस खरे. या आठ दिवसांत तुतीचा पाला ओला गेला तर अळी सडते. धूर लागला तर मरते. फोडणीचा खाट, अंगाला लावायचं वासाचं तेल, डासांचं औषध, तंबाखू, यातलं काहीही चालत नाही. म्हणून खेप घरात असली की आमच्याकडे सगळं उकडलेलं. म्हणून सासूबाईंची तपकीर बंद.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. चाळीस वर्षं तपकीर ओढलेली बाई. पंचवीस दिवस तपकीर नाही म्हटल्यावर त्यांचं डोकं ताळ्यावर नसायचं, आणि चाळीस वर्षं बुजलेलं नाक एकदम मोकळं व्हायचं. जगातले सगळे वास त्यांना एकट्यांनाच यायचे.

"पलीकडच्या घरात दूध उतू गेलं," बसल्या जागी सांगायच्या.

"तिकडं काय मेलंय ते बघा," नवऱ्याच्या चपला ठेवायच्या कोपऱ्याकडे बोट. तिथं खरंच उंदराचं पिल्लू मेलेलं निघालं.

"नाक म्हणजे शापच," त्या म्हणायच्या. "तुम्ही सगळे कसे जगता या घरात, देव जाणे."

त्यात उवा. शाळेतल्या बाईंनी मोठीबरोबर चिठ्ठी पाठवली होती. डोक्यात उवा आहेत, जाईपर्यंत मुलांना पाठवू नये. बालवाडीवाल्यांनी चिठ्ठीचेही कष्ट घेतले नाहीत, शेंबड्याला आणि चिमणीला दारातूनच वळवलं. म्हणजे चौघंही दिवसभर घरात. मोठीचे केस कमरेपर्यंत, दाट. भांग पाडला की लिखा दिसायच्या, तांदळाची कणी सांडल्यासारख्या, आणि त्यातून राखी रंगाच्या उवा सावकाश चालत जायच्या. त्यांनाही घाई नव्हती. कुठे जाणार.

"दुकानातून औषध आणा ना," मी नवऱ्याला म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? उवेला मारतं ते अळीला सोडेल? कोष झाले की आणू."

"तोवर?"

"तोवर खाजवा."

आतून अळ्या पाला कुरतडायच्या त्याचा आवाज आणि बाहेर चार डोकी खाजवण्याचा आवाज, दोन्ही सारखेच. करकर, करकर. कधी कधी मला कळायचं नाही की आवाज दाराच्या अलीकडचा की पलीकडचा.

त्या दिवशी सकाळी गोळ्याला पातळ झालं. म्हणजे रोजच व्हायचं, पण त्या दिवशी तो त्यातून रांगत चुलीपर्यंत गेला. मागे पट्टा. मी पट्टा पुसेपर्यंत चिमणीनं त्यात पाय दिला, आणि पाय पुसायला शेंबड्याची गोधडी घेतली. शेंबड्यानं तिला चावलं. चिमणी ओरडताना ओकली. कालचा भात, जसाच्या तसा.

"चावायला दात नाहीत का तुला?" मी तिला विचारलं.

"दात त्याला आहेत," ती रडत म्हणाली आणि दंड दाखवला.

मी हसले. हसताना गोळ्यानं माझी वेणी ओढली, त्या हातानं.

नवरा पाल्याचा भारा घेऊन शेतातून आला. डोक्यावर पोतं, अंगातून पाणी निथळतंय. पाला धपकन पडवीत टाकला आणि म्हणाला, "दोरी मोकळी कर."

दोरीवर लंगोट होते. एकच दोरी चुलीच्या वर, तिथेच काय ती ऊब. त्या ऊबेवर लंगोटांचा हक्क की पाल्याचा, यावर आमचं रोज भांडण. पानं ओली द्यायची नाहीत म्हणजे फांद्या झटकायच्या, दोरीवर उलट्या टांगायच्या, आणि तरी ओली राहिली तर एकेक पान फडक्यानं पुसायचं. वीस हजार तोंडांसाठी एकेक पान. पांढरी मलमलची जुनी फडकी होती, धोतराची फाडलेली. लंगोटही त्याच धोतराचे. फरक एवढाच की फडकी मी वेगळ्या खुंटीला लावायचे.

"लंगोट काढले तर हा काय घालेल?"

"उघडा राहू दे."

"उघडा राहिला तर घर कोण पुसेल?"

"मग पाला कोण पुसेल?"

पाला मोठी पुसायची. तिला ते काम आवडायचं. मांडी घालून बसायची, पान मांडीवर, एकदा पुढून, एकदा मागून. मधेच डोकं खाजवायची, मग पान. मी तिला डोक्याला हात लावल्यावर हात धुवून यायला सांगायचे. ती इतक्यांदा हात धुवायची की बोटं सुरकुतली होती.

त्या दुपारी गोळ्यानं अळी खाल्ली. नवऱ्याच्या सदऱ्याला चिकटून बाहेर आलेली एक, खाली पडली, यानं उचलली. मी बोट घालेपर्यंत अर्धी गेली होती. अर्धी बाहेर काढली तर हिरवं पाणी, आणि ती हलत होती.

"गेली एक," नवरा म्हणाला. खोलीच्या दारातून तो फक्त एवढंच म्हणाला.

"राहू दे," आत्या कोपऱ्यातून बोलल्या. "आता याच्या लंगोटात तरी काही चांगलं निघेल."

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. नणंद माझी, शहरात बायकांचे केस कापण्याचं दुकान चालवते. कामानं या बाजूला आल्या होत्या, दोन गाड्यांच्या मधे तीन तास होते. छत्री दाराबाहेर झटकून ठेवली, आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबल्या. ओढणीचा पदर नाकावर गेला. लगेच काढलाही, पण मी पाहिलं होतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तू शेवटची कधी झोपलीस?"

"झोपते की रोज."

"आरशात बघितलंस?"

"आरशावर गोळ्यानं हात फिरवलाय. त्यात सगळं तपकिरीच दिसतं."

त्यांनी बांगड्या काढल्या, बाह्या वर केल्या. गोळा माझ्या कडेवरून घेतला, बघितला, परत माझ्याकडे दिला. "ह्याला घेऊन आडवी हो. तासभर. बाकीचं माझ्यावर सोपव."

"वन्सं, पाला पुसायचा आहे."

"पाला पळून जात नाही."

मी आडवी झाले. गोळा अंगावर, तोंड छातीला. पडवीत वन्संचा आवाज येत होता, मोठीला काहीतरी समजावत होत्या, पाणी ओतल्याचा आवाज. पुढचं मला आठवत नाही. इतकी झोप मला बाळंतपणातही लागली नव्हती.

उठले तेव्हा घर झाडलेलं होतं. शेंबड्याचं नाक पुसलेलं, त्यामुळे तो दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा दिसत होता. मोठीचे केस धुतलेले, विंचरलेले, दोन वेण्या घट्ट. पडवीतल्या न्हाणीची फरशीसुद्धा घासलेली.

"मोठीचं डोकं स्वच्छ केलंय," वन्सं छत्री उघडत म्हणाल्या. "बाकीच्यांची पुढच्या खेपेला. माझी गाडी जाईल."

मला रडू येत होतं. कुणी माझ्यासाठी फरशी घासावी. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायलाही गेले नाही, कारण नवरा आतून ओरडत होता, पाला कुठाय, तट्टे रिकामे पडलेत.

मोठीची बोटं पांढरी पडली होती, मी म्हटलं, राहू दे, मी पुसते. खुंटीवरची फडकी सगळी ओलीचिंब. दोरीवर बघितलं तर लंगोटांच्या शेजारी एक फडकं, व्यवस्थित, चार कोपरे ताणून वाळत घातलेलं. जवळजवळ कोरडं. नऊ दिवसांत मी कोरड्या कापडाला हात लावला नव्हता. गालाला लावून बघितलं. मग बसले आणि त्या फडक्यानं पाटीभर पाला पुसला. एकदा पुढून, एकदा मागून. नवऱ्यानं तो वरच्या तीन थरांवर घातला.

सकाळी तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग म्हणाला, "इकडं ये."

खोलीत शिरण्याआधी पाय धुवायचे, वेगळं लुगडं नेसायचं, असा नियम होता. तो म्हणाला, "राहू दे आता. ये तशीच."

वरच्या तीन थरांवरच्या अळ्या डोकी वर करून हलवत होत्या, एखादी गोष्ट नको नको म्हणावं तशा. तोंडातून हिरवं पाणी. काही आखडून निम्म्या झालेल्या. काही तट्ट्याच्या कडेवरून खाली लोंबत होत्या, मागच्या पायांनी धरून. तांबूस काळं पाणी तट्ट्यातून खालच्या थरावर ठिबकत होतं. आणि आवाज नव्हता. कुरतडणं खालच्या दोन थरांतच चालू होतं.

"पाला कुठला होता?" मी विचारलं.

"आपलाच. आपल्याच बांधातला. शेजारी कुणी फवारणी केली म्हणावं तर असल्या पावसात कोण फवारतंय." त्यानं एक अळी तळहातावर घेतली. ती त्याच्या हातावर ओकली. त्यानं तिला टाकली नाही. "हे विष आहे. वाऱ्यानं आलेलं नाही. घरातलं आहे."

आम्ही दोघांनी एकाच वेळी आत्यांकडे बघितलं. उघड्या दारातून त्या दिसत होत्या, कोपऱ्यात, गुडघे पोटाशी. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या शिंकल्या होत्या. मी ऐकलं होतं.

"आत्या," मी म्हटलं, "काल तुम्ही शिंकलात."

"ओलीनं शिंकले. शिंकायलाही बंदी आहे का?"

"आई, कनवटीला काय आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"माझी कनवट आहे. माझं काय ते आहे."

तो आईच्या कमरेला हात लावणार नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले. पोरं चौघंही बघत होती, शेंबड्याच्या तोंडात बोट. मी आत्यांच्या निऱ्यांशी वाकले आणि कनवट सोडली. त्यांनी हात वर धरले, जसे कपडे बदलताना चिमणी धरते. त्यांच्या पोटाची कातडी मऊ, गार, पिशवीसारखी माझ्या बोटांवर आली. आत एक पत्र्याची डबी.

डबी उघडली. रिकामी. धुतलेली. पण नवऱ्यानं नाकाशी नेली आणि म्हणाला, "वास आहे."

"वासच आहे तिच्यात," आत्या म्हणाल्या. "दिवसातून दोनदा हुंगते. तेवढंच. चिमूट सोडा, कण नाही."

"वास आहे म्हणजे कण आहे."

त्यानं डबी दारातून पावसात भिरकावली. ती दगडावर आपटल्याचा आवाज आला. मग तो कुणाकडे न बघता म्हणाला, "पुढच्या खेपेच्या आत शहरात ताईकडं जाऊन राहा. महिनाभर. तिच्याकडं अळ्या नाहीत."

आत्या कनवट बांधत बसल्या. गाठ त्यांना जमेना. मोठी उठली आणि तिनं बांधून दिली.

तीन थर आम्ही दिवसभर उपसले. मेलेली अळी हाताला लागली की फुटते, आणि आत काही नसतं, फक्त काळं पाणी आणि वास. तो वास माझ्या मेलेल्या नाकालाही आला. पाट्या भरून मागे खड्ड्यात नेल्या. बारा हजार. शेंबड्या प्रत्येक पाटीबरोबर खड्ड्यापर्यंत यायचा आणि विचारायचा, "ह्या पण मेल्या?"

"ह्या पण."

"सगळ्या?"

"नाही रे. आठ हजार आहेत अजून."

"मग रडतेस कशाला," तो म्हणाला. "आम्ही तर चारच आहोत."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाऊस जरा थांबला. दोरीवरचं सगळं उतरवून बाहेर टाकावं म्हणून मी कपडे ओढले. त्यात ते फडकं. मधल्या दोन दिवसांत तेही दमट झालं होतं. खांद्यावर टाकलं आणि बाहेर आले. मोकळी हवा, इतक्या दिवसांनी उघडीप, आणि माझं नाक थोडं उघडलं असावं. खांद्यावरून एक वास आला. तिखट, गोडसर, दुकानातला.

मी फडकं तोंडावर धरलं. मग मोठीला हाक मारली.

"आत्यांनी, म्हणजे शहरातल्या आत्यानं, परवा तुझं डोकं कसं स्वच्छ केलं?"

"औषधानं. बाटली होती तिच्याकडं. पडवीतच बसवलं, घरात नाही, अळ्या आहेत म्हणून. मग डोकं बांधलं घट्ट. मग तासानं धुतलं. हात पण धुतले साबणानं, दोनदा. बाटली पण परत नेली." तिचा चेहरा उतरत गेला. "बाबा रागावतील म्हणून सांगितलं नाही. पण सगळं धुतलं होतं, आई."

"आणि डोकं कशानं बांधलं?"

तिनं माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं.

वन्सं स्वच्छ बाई. फडकं खुंटीवर टाकलं नाही, कोपऱ्यात फेकलं नाही. सुरकुती पडू नये म्हणून ताणून दोरीवर वाळत घातलं. मीच ते उचललं, गालाला लावलं, हुंगायचं सुचलं नाही, आणि एकेक पान पुसलं. इतक्या निगुतीनं मी माझ्या एकाही पोराचं तोंड पुसलं नव्हतं.

"तू जा," मी मोठीला म्हटलं. "तुझं काही नाही यात."

आत्या पडवीत उन्हाच्या तुकड्यात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये इकडं. बस खाली. डोकं दे."

"कशाला?"

"कालपासून दोन्ही हातांनी खाजवतेस. पोरांच्या अंगावरनं तुझ्यात आल्या. दे म्हणते ना."

मी त्यांच्यापुढे बसले, डोकं त्यांच्या मांडीवर. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्यांच्या मांडीवर डोकं पहिल्यांदाच. त्यांनी केस सोडले. नजर आणि नखं चोख. एक ऊ धरली, दोन अंगठ्यांच्या नखांत घेतली. टच्च.

"आत्या."

"हलू नको."

"ते फडकं मी उचललं होतं. पाला मी पुसला. त्याला औषध होतं, उवांचं."

टच्च. "माहीत आहे."

मी मान वर करायला गेले, त्यांनी खाली दाबली.

"परवाच कळलं. मी दोरीपाशी गेले होते तर नाकाला झोंबलं. म्हणून तर शिंकले. तोवर पाटी आत गेली होती. म्हटलं, डोक्याचा वास असेल, पानाचा कशाला असेल. काल सकाळी अळ्या ओकायला लागल्या, तेव्हा समजलं."

"मग बोललात का नाही? मी तुमच्या कमरेला हात घातला, तेव्हा तरी."

"काय बोलू?" त्यांनी एक केस ओढून लिख सरकवत शेवटापर्यंत आणली. "बोलले असते तर माझ्या लेकीवर आलं असतं. भाऊ तिचा, मनात ठेवणारा. तिला माहेर एवढंच आहे. आणि तिच्यावर न घालता सांगितलं असतं तर तुझ्यावर. तुला या घरात अजून चाळीस वर्षं काढायची आहेत. माझ्यावर आलं तर काय बिघडलं. मला आता कुठं नांदायचंय."

टच्च.

"तरी तू हात घातलास तेव्हा वाटलं होतं, एक लगावावी."

"लगावायची होती."

"पोरं बघत होती," त्या म्हणाल्या. "शी, केवढं घर केलंय इथं कानामागं. अगं, तू आंघोळ कधी करतेस?"

मला आठवेना. मी त्यांच्या मांडीवरच तोंड लपवलं. त्यांच्या लुगड्याला गोळ्याच्या दुधाचा वास होता, चिमणीच्या ओकारीचा, आणि त्याच्या खाली कुठेतरी जुनी तपकीर. माझ्या घराचा सगळ्यात किळसवाणा वास तो, आणि मी त्यात नाक खुपसून पडले होते.

नवरा खड्ड्यावर माती ओढत होता. मी उठले. अर्धं डोकं विंचरलेलं, अर्धं मोकळं.

"कुठं निघालीस?" आत्यांनी विचारलं. "सांगू नको त्याला. झालं ते झालं."

"डबी शोधायला निघाले," मी म्हटलं.

मी डबी शोधली. दगडापाशी चिखलात होती, झाकणाला पोचा आलेला. ती पदरानं पुसली आणि खड्ड्यापाशी गेले. नवऱ्याच्या हातात फडकं दिलं. "हुंग."

त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"मोठीच्या डोक्याला बांधलं होतं. वाळत होतं. कोरडं दिसलं म्हणून मी घेतलं."

"कुणी बांधलं?"

"कुणी का बांधेना. पाला कुणी पुसला ते सांगतेय."

त्याच्या तोंडाशी आलेलं मी बघितलं. शिव्या, शेड, खोली, सगळं. तो फावड्यावर रेलला. तेवढ्यात मागून चिमणी आली, तिच्या झग्याच्या खिशातून तिनं एक अळी काढली, चेमटलेली पण जिवंत, आणि बापापुढे धरली.

"ही माझी बाळी आहे. हिला मी पाला दिला नाही. भात दिला."

नवऱ्यानं ती घेतली आणि आत नेऊन ठेवली. जाता जाता आईपाशी थांबला. डबी माझ्या हातातून घेऊन तिच्या पुढ्यात ठेवली, आणि म्हणाला, "ताईकडं जायचं राहू दे."

"मी जाणारच नव्हते," आत्या म्हणाल्या. "तिच्याकडं सगळ्याला साबणाचा वास मारतो."

उरलेल्या आठ हजार अळ्यांनी कोष केले. पांढरे, घट्ट, चांगले. ते गेले, आणि शेडचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दोन थरांच्या कोषांत शेड होत नाही, हे मलाही कळत होतं.

खोली रिकामी झाली. धुवून, घासून काढली. पुढची अंडी यायला दहा दिवस होते. नवऱ्यानं न विचारता बाहेरची कडी उपटली आणि आतून ठोकली. "दहा दिवस," तो म्हणाला. एवढंच.

आत्यांनी खोलीच्या मधोमध बैठक मारली. डबी भरलेली होती. पहिली चिमूट ओढली, डोळे मिटले, आणि शिंकायला लागल्या. पोरं मोजत होती. अकरा झाल्यावर थांबल्या, नाक पुसलं आणि खोल श्वास घेतला.

"गेले सगळे वास," त्या म्हणाल्या. "सुटले बाई."

मी पोरांना बाहेर काढलं, आत्यांना उठवलं, दार लावलं. कडी घातली. घटकाभर मी एकटी होते. फरशी गार, खिडकीतून ऊन, कुरतडण्याचा आवाज नाही. मी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मग वास आला. मी नाक उघडं ठेवायला शिकले होते, ते आता मिटेना. डोळे उघडून कोपऱ्यात बघितलं. गोळा आतच राहिला होता. हसत होता. त्याच्या मागे, धुतलेल्या फरशीवरून, भिंतीपासून माझ्यापर्यंत, पट्टा.